राहू दे, कामी पडन

जालन्यात एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याला घटकाभर उभं राहिलं, की जगात काय काय मोडलं याचा अंदाज येतो. भंगाराचे ट्रक येतच असतात. वाकलेले पत्रे, गाड्यांचे सांगाडे, कुठल्याशा बंदरात उतरलेल्या परदेशी लोखंडाचे दाबून केलेले ठोकळे. हे सगळं भट्टीत जातं, वितळतं, त्याचे बिलेट होतात, बिलेट लाटून सळया होतात आणि त्या सळया गावोगावच्या स्लॅबांत जाऊन बसतात. पुण्यातला माणूस वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांना "सगळं नवंकोरं हं!" असं सांगत असतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर कुणाचा तरी मोडका नांगर, कुणाची तरी सायकल आणि एखादी बंद पडलेली पिठाची गिरणी निवांत पहुडलेली असते.

जुन्यातून नवं करायची ही खोड जिल्ह्याला जन्मापासूनची. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तो काही कोऱ्या मालातून नव्हे. औरंगाबादचे जालना, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड हे तालुके आणि परभणीचं परतूर, असा वापरलेलाच माल जोडून तो उभा केला. पुढे त्यातच आडव्या-उभ्या भिंती घालून पाचाचे आठ तालुके केले. खोल्या वाढल्या, जागा तेवढीच. आमच्याकडे भाऊ वेगळे निघतात तेव्हा याहून निराळं काही करत नाहीत.

आता एवढ्या भट्ट्या असलेल्या जिल्ह्याला भंगार बाहेरून का आणावं लागतं, यावर जाणकार मंडळी मागणी-पुरवठा वगैरे सांगतील. माझं मत साधं आहे. आजूबाजूची खेडी आपलं भंगार सोडतच नाहीत. कारण खेड्यात भंगार नावाची वस्तूच नसते. असते ती फक्त अजून काम न मिळालेली वस्तू. तिच्याकडे बघून घरातला कर्ता माणूस चार शब्द उच्चारतो, "राहू दे, कामी पडन", आणि त्या वस्तूला तहहयात अभय मिळतं.

माझे मामा भोकरदन तालुक्यातले. शेती कोरडवाहू, पण संग्रह बागायती. त्यांच्या घरात दुकानातून नवी आणलेली वस्तू म्हणजे मामींचा मिक्सर, आणि तो कधी एकदा जळतो नि त्याची मोटर मोकळी होते याची मामा वाट बघत आहेत. घराची सुरुवात झाली ती एका दारापासून. शेजारच्या गावातला एक वाडा उतरवत होते. वारसदार शहरात, त्यांना जागा मोकळी हवी होती. मामा तिथे गेले होते खरं तर कडबा बघायला. आले ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सागवानी दार घालून. दोन फळ्यांचं, पितळी फुल्यांचं, वर गणेशपट्टी, आणि मोठं दार न उघडता वाकून आत यायला एका फळीत दिंडी. म्हणजे दाराच्या पोटात दार. त्या वेळी मामांकडे घर म्हणजे आजोबांच्या हातचं दोन खणांचं माळवद आणि त्याला टेकवलेलं सपार. दार काही वर्षं लिंबाखाली गोणपाट पांघरून उभं होतं. येणारे-जाणारे त्याला नमस्कार करायचे, गणेशपट्टी होती ना.

घराला दार बसवायची जगाची रीत. मामांनी दाराला घर बसवलं. दार उंच, म्हणून भिंती उंच. भिंती उंच, म्हणून पत्रे वाऱ्याच्या तोंडी. पत्रे वाऱ्याच्या तोंडी, म्हणून वैशाखातल्या वावटळीत उडू नयेत यासाठी त्यांच्यावर दगड, ट्रॅक्टरचं टायर आणि एक निकामी पाटा. दगडांनी पत्रे दबले, म्हणून पाणी साचतं. पाणी साचतं, म्हणून खाली पातेलं. त्या पातेल्याची जागा ठरलेली आहे आणि मामा ते पाहुण्यांना घराचाच एक भाग म्हणून दाखवतात. उंबरा जमिनीपासून इतका वर आला की पायरी लागली. पायरीला जात्याची खालची तळी घातली. आता घरात शिरणारा प्रत्येक जण आजीच्या जात्यावर पाय देऊन येतो. मामींना ते आवडत नाही. त्यामुळे त्या स्वतः दिंडीतून न जाता मागच्या दाराने ये-जा करतात.

सगळ्यात गंमत अगळीची. वाड्याच्या दाराचं नुसत्या कडीकोयंड्यावर भागत नाही, अगळ लागते. हातभर जाड नसली तरी चांगली पाच-सहा फूट लांब सागवानी दांडी. दाराच्या बाजूच्या भिंतीत तिच्यासाठी लांब पोकळी ठेवलेली असते. दिवसा अगळ त्या पोकळीत सरकवायची, रात्री ओढून दाराच्या पाठीमागून पलीकडच्या खाचेत घालायची. वाड्याची भिंत ऐसपैस, तिच्या पोटात अशा चार अगळी मावतील. मामांच्या दाराच्या बाजूला भिंत उरली तीन फूट. गवंडी म्हणाला, "अगळ कापा." सागवान कापायचं म्हटल्यावर मामांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने मुकाट्याने भिंतीला आरपार भोक ठेवलं.

परिणाम असा, की दिवसभर अगळ घराच्या कोपऱ्यातून दोन-अडीच फूट बाहेर आलेली असते, आणि ती येते ती नेमकी चुलत मामाच्या अंगणात. भाऊबंदकीला एवढं पुरे होतं. मोजणीदार आणायच्या गोष्टी झाल्या. शेवटी चुलत मामांनी शहाणपणा केला, त्या दांडीला शेळी बांधायला सुरुवात केली. त्यामुळे आता रात्री मामा अगळ ओढतात आणि पलीकडून शेळी ओरडते. दांडी जसजशी आत जाते तसतशी शेळी भिंतीला येऊन भिडते. चोरापासून घर आता दुप्पट सुरक्षित आहे असं मामांचं म्हणणं, कारण बाहेरून कुणी अगळीला हात लावला तरी आधी शेळी बोंबलणार.

मागच्या दाराच्या वर लाकूड नाही, रेल्वेचा रूळ आहे. निजामाच्या काळात, १९०० च्या आसपास, मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी मीटरगेज लाइन जालन्यावरून गेली. नव्वदच्या दशकात ती ब्रॉडगेज झाली आणि जुनं लोखंड निघालं. ते कुठे कुठे गेलं याचा हिशोब रेल्वेकडे असेलच. एक तुकडा मामांच्या मागच्या दारावर आहे आणि त्याचाच जोडीदार गावच्या शाळेच्या व्हरांड्यात घंटा म्हणून टांगलेला आहे, एवढं मी डोळ्यांनी बघितलं आहे. दोघांचा आवाज एकच. मामा दुपारी मागच्या दाराची दुरुस्ती काढून बसले, की शाळेतली पोरं दप्तरं भरायला लागतात. गुरुजींनी दोनदा निरोप पाठवला, दुरुस्ती रविवारी करा म्हणून.

हे सगळं नवं बांधकाम. पण मामींची चूल अजून त्या जुन्या दोन खणांच्या माळवदाखालीच आहे. उन्हाळ्यात पत्र्याखाली माणूस भाजून निघतो, तेव्हा सगळं घर 'जरा चहा होतोय का बघतो' म्हणत तिथे येऊन बसतं. ज्याने कधी माळवद पाहिलं नाही त्याच्यासाठी सांगतो. खाली लाकडी खांब, त्यांच्या बुडाशी दगडी उथळी, वर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या चिरफळ्या, त्यावर झाडपाला, त्यावर चिखल आणि सगळ्यांवर पांढरी माती. गावाची जमीन मुळात दोन रंगांची. काळी पिकवायची, पांढरी राहायची. गावठाणाची ही पांढरी म्हणजे दुसरं काही नाही, तिथे पिढ्यान् पिढ्या पडलेल्या घरांची माती. भिंती पडल्या, चुलीची राख मिसळली, शेणामातीचे थर बसले, वर पुन्हा घरं झाली, तीही पडली. ही माती भिजली की घट्ट बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. म्हणून मृगाच्या आधी दरसाल टोपल्याने आणून ती धाब्यावर अंथरायची. थोडक्यात, आजोबांच्या डोक्यावर जे छत होतं ते त्यांच्या खापरपणजोबांच्या भिंतीचं होतं. जुन्या मालाच्या घरावर हल्ली रंगीत मासिकांत लेख येतात, फोटो येतात. आमच्याकडे त्याला मे महिन्यातलं काम म्हणतात.

बरं, आमच्या तालुक्याच्या मातीत नुसती खापरपणजोबांची घरं नाहीत. भोकरदन म्हणजे सातवाहनांच्या काळातलं भोगवर्धन. तिथे उत्खनन झालं, विद्यापीठांची माणसं हलक्या हाताने माती झटकत बसली. सांचीच्या स्तूपाला भोगवर्धनच्या लोकांनी दान दिल्याचे लेख तिथे दगडात कोरलेले आहेत. भोकरदनच्या माणसाने आपल्याजवळचं काही स्वखुशीने देऊन टाकल्याचा हा लेखी पुरावा. त्यानंतरचा मला तरी सापडलेला नाही.

माळवदांचे दिवस फिरले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. किल्लारीला धरणी हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं, सुमारे आठ हजार जीव गेले. त्यावर विनोद करण्यासारखं काही नाही. आमचं गाव तिथून पुष्कळ लांब, पण लोक कितीतरी रात्री अंगणात झोपले आणि उठून आधी छताकडे बघायला शिकले. मग सागवान उतरायला लागलं. खांब, तुळया, कड्या, दारं. व्यापारी ट्रक घेऊन यायचे, रोख मोजायचे. ज्या लाकडावर एक नवी खोली सहज झाली असती ते पत्र्यांच्या भावात गेलं. मामांनी आपल्या माळवदावरची माती निम्मी उतरवली, ओझं कमी केलं, खांबांना आडवे पट्टे मारले आणि व्यापाऱ्याला चहा पाजून परत पाठवलं. हा एक निर्णय त्यांनी संग्राहक म्हणून घेतला की शहाणा माणूस म्हणून, हे मला ठरवता आलेलं नाही.

आज ते सागवान कुठे आहे? शहरातल्या हॉटेलात, फार्महाउसवर, 'गावाकडची थाळी' मिळते तिथे. आणि शहरातल्या जुन्या फ्लॅटमधून काढलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आमच्याकडे येतात, कारण खेड्यातल्या तरुण मंडळींना आता तसलं घर हवं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, आमच्या जिल्ह्यातून जातो. त्याच्यावर कुठेतरी एक पिकअप गढीचं दार घेऊन मुंबईकडे निघालेला असतो, समोरून दुसरा मुंबईच्या खिडक्या घेऊन येत असतो. दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना बघून, काय खुळ्यासारखा माल भरलाय यानं, असं म्हणत असणार.

दुष्काळातूनही माल निघतो, हे बाहेरच्याला पटत नाही. २०१२-१३ साली जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी कुऱ्हाडी लावल्या. पुढे याच मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या वर्षी तिचं फक्त सरपण मिळत होतं. बाग गेली आणि ठिबकच्या नळ्या उरल्या. मामांच्या घरात त्या नळ्या नाहीत अशी जागा नाही. कपडे वाळत घालायची दोरी नळीची, खाटेची वीण नळीची, कुंपणाचा ताण नळीचा, आणि भाच्यांना धाक दाखवायचा फोकही नळीचाच. टँकरसाठी घेतलेले निळे ड्रम आज धान्य सांभाळतात. एक ड्रम उभा चिरून त्याची गव्हाण केली आहे. उरलेला अर्धा मामींनी मागितला होता, मिळाला नाही. राहू दे, कामी पडन.

मामांच्या परसाकडे बघून मला नेहमी चंदीगडचे नेकचंद आठवतात. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक. चंदीगड वसवायला जी खेडी पाडली, त्यांची मोडतोड हा माणूस १९५७ पासून सायकलवर लादून रानात नेत होता आणि फुटक्या बांगड्या, फरश्या, कपबश्यांची एक दुनिया चोरून उभारत होता. सरकारला पत्ता लागला तेव्हा १९७५ उजाडलं होतं. पाडायच्या ऐवजी सरकारने त्याला पगार आणि ५० मजूर दिले, १९७६ मध्ये रॉक गार्डन लोकांसाठी खुलं झालं, पुढे पद्मश्रीही मिळाली. हे मी मोठ्या उत्साहाने मामींना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "त्याच्या बायकोला काय भेटलं?"

मामींचा खरा आधार म्हणजे भंगारवाला. पूर्वी तो डोक्यावर पाटी घेऊन यायचा आणि लोखंडाच्या तुकड्यावर पोरांना गोडीशेव द्यायचा. त्या शेवेपायी आमच्या पिढीने घरातल्या कुळवाचे, तिफणीचे सुटे भाग शहीद केले. आता तो तीनचाकी घेऊन येतो, वर भोंगा, त्यात टेप केलेली आरोळी. ती ऐकली की मामी परसाकडे धावतात आणि मामा त्यांच्या पुढे. मग तिघांची बैठक होते. मामी वस्तू उचलतात, भंगारवाला काट्याला लावतो, मामा काट्यावरून काढून घेतात. एकदा मामांनी कहर केला. विकायला काहीच निघत नाही म्हणून वैतागलेला भंगारवाला निघाला, तर मामांची नजर त्याच्याच गाडीत गेली. तिथे एसटीची दोन सीटं होती. मोडीत निघालेल्या बसची असावीत, सोबत खिडकीवरच्या पत्र्याची पट्टीही होती. भंगारवाला विकत घ्यायला आला होता, विकून गेला. मामी ओसरीत उभ्या राहून म्हणाल्या, "उद्या डायव्हर बी येईन का मंग?"

ती सीटं आता ओसरीत भिंतीला टेकून आहेत, वर ती पत्र्याची पट्टी ठोकलेली. एकावर 'महिलांसाठी' आणि एकावर 'विधानसभा सदस्य' असं लाल रंगात. मामी पहिल्यावर बसतात आणि तिथे दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत. दुसऱ्यावर मामा. गावातले लोक येता-जाता त्यांना राम राम घालताना जरा जास्तच वाकतात.

मध्यंतरी चुलत मामांना घरकुल मंजूर झालं. केंद्राच्या योजनेत १ लाख २० हजार अनुदान, घर किमान २५ चौरस मीटरचं, हप्त्या-हप्त्याला मोबाइलवरून फोटो, ज्यात ठिकाणाची खूणही आपोआप पडते. लाभार्थ्याने घरासमोर उभं राहायचं, हसायचं नाही. सळई जालन्याची, विटा भट्टीवरच्या, सिमेंट उधारीचं. पैसे संपले तेव्हा खिडक्या राहिल्या होत्या. सहा महिने न बोललेला माणूस मग जात्याच्या पायरीवर येऊन उभा राहिला. मामा त्याला काही न बोलता परसात घेऊन गेले. तिथे बैलगाडीच्या चाकांच्या दोन लोखंडी धावा होत्या, त्यात ठिबकच्या बागेतली तार उभी-आडवी ओवली आणि दोन गोल खिडक्या तयार झाल्या. शेवटच्या हप्त्याच्या फोटोला आलेला तरुण इंजिनिअर बराच वेळ त्या खिडक्यांकडे बघत होता. नंतर त्याची नजर कोपऱ्यातून बाहेर आलेल्या अगळीवर आणि तिला बांधलेल्या शेळीवर गेली. "हे कोणत्या योजनेतलं?" त्याने विचारलं. चुलत मामा म्हणाले, "ते आमचं सामाईक हाये." त्या दिवसापासून मोजणीदाराचा विषय बंद झाला.

राहता राहिला म्हशीचा गोठा. कूड पऱ्हाट्यांचा, शेणाने सारवलेला. पण छपराला पाचट टाकायचं तर ऊस कुठे आहे? ताडपत्री महाग. शेततळ्याचं जुनं प्लास्टिक उन्हाने तडकलेलं. अशा वेळी मराठवाड्याच्या गोरगरीब जनतेला खरा आधार दिला तो फ्लेक्सने. आमच्या भागात नेत्यांचे वाढदिवस बारमाही असतात. आज भाऊंचा, उद्या दादांचा, परवा दादांच्या चिरंजीवांचा. चौकात वीस-वीस फुटांचे फ्लेक्स लागतात, चार दिवसांनी वारा त्यांना आडवं करतो आणि पाचव्या दिवशी सकाळी ते तिथे नसतात. कुठे जातात हे सगळ्यांना माहीत असतं, कुणी विचारत नाही. कांद्याच्या चाळीवर, कडब्याच्या गंजीवर, नहाणीच्या आडोशाला बघावं, तिथे नेतृत्व अखंड कार्यरत असतं. फ्लेक्स टाकायची एक पद्धत आहे. छापील बाजू खाली, पांढरी वर. ऊन परावर्तित होतं, छपाई टिकते. त्यामुळे मामांची म्हैस रवंथ करताना वर बघते, तेव्हा तिला एक गोरापान हसरा चेहरा, जोडलेले हात, आजूबाजूला टाचणीएवढ्या फोटोंतले पस्तीस शुभेच्छुक आणि 'भावी आमदार' अशी ठळक अक्षरं दिसतात.

गेल्या निवडणुकीत ते भावी आमदार स्वतःच दारात आले. मागे कार्यकर्ते, फेटे, ढोल. मोठं दार उघडायला वेळ लागला, कारण शेळी हलेना. म्हणून साहेब दिंडीतून वाकून आत आले, फेटा वरच्या पट्टीला अडकून बाहेरच राहिला. ओसरीत मामांनी त्यांना सन्मानाने 'विधानसभा सदस्य' सीटवर बसवलं. साहेबांनी वर पट्टी वाचली, खूश झाले, शुभशकुन म्हणाले. चहा झाला. कुणीतरी सुचवलं, साहेब शेतकऱ्याच्या गोठ्यात एक फोटो होऊन जाऊ दे. साहेब म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि फोटोसाठी मान वर केली.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. कार्यकर्त्यांपैकी दोघा-तिघांना वर आपलेही टाचणीएवढे फोटो सापडले. साहेबांनी आपल्या चेहऱ्याकडे बघितलं, मग मामांकडे बघितलं. मामा पुढे झाले, म्हणाले, "साहेब, माल एक नंबर निघाला बरं का. दोन पावसाळे झाले, थेंब गळला नाही." साहेबांचा चेहरा जरा सैल झाला. तेवढ्यात मामांनी गव्हाणीकडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं, "फक्त यंदाच्या वाढदिवसाला हातभर जास्ती रुंद छापा. त्या अंगानं झड येते अन् पेंड भिजते."